प्रयोगशाळेतला स्नायू : काचेच्या नळीपासून छापयंत्रापर्यंत

शाळेच्या मैदानावर एखादा मुलगा पडतो, पोटरीला मार लागतो, आठवडाभर तो लंगडतो आणि पुन्हा पळू लागतो. यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. स्नायूला स्वतःची डागडुजी स्वतः करता येते, हे आपण गृहीतच धरलेले असते. पण या डागडुजीला मर्यादा आहे. स्नायू दुखावला तर तो भरून येतो. त्याचा मोठा तुकडाच गेला तर मात्र शरीर ती जागा स्नायूने न भरता व्रणाच्या चिवट ऊतीने बुजवून टाकते. व्रण आकुंचन पावत नाही, त्यामुळे हात दिसायला असतो, पण मूठ वळत नाही.

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे छोटे नगरपालिकेचे गाव. घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशी इथल्या कित्येक मुलांची रीत. (‘स्नायू’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, तेवढीच शिक्षकांची सोय!) भोवताली ज्वारी-तुरीची शेते आणि उसाचे फड. अशा भागात मळणीयंत्रात, ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात किंवा रसाच्या चरकात हात सापडणे ही ऐकीव गोष्ट राहत नाही. जखमी माणसाला आधी अक्कलकोटला आणि तेथून सोलापूरला न्यायचे. रक्तस्राव थांबतो, हाड जुळते, कातडीही लावता येते. पण गेलेला स्नायू आणायचा कोठून?

शल्यचिकित्सकांपाशी आज याला एकच भरवशाचे उत्तर आहे, ते म्हणजे त्याच माणसाच्या शरीरातून दुसरा स्नायू आणणे. मांडीच्या आतल्या बाजूचा लांब पट्टीसारखा स्नायू त्याच्या रक्तवाहिन्या व चेतातंतूसह काढतात, हातात बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या जोडतात. शस्त्रक्रिया कित्येक तासांची असते. ती करू शकणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत, आणि ज्याने अंग दिले त्याच्याच अंगावर दुसरी जखम. म्हणून प्रश्न पुढे येतो : रुग्णाच्याच पेशी घेऊन स्नायू बाहेर वाढवता येईल का, त्याला हवा तो आकार छापयंत्राने देता येईल का आणि हे सगळे जिल्ह्याच्या रुग्णालयाला परवडेल का?

‘जैवमुद्रण’ हा शब्द वर्तमानपत्रांतून आपल्या कानावर आला, तो बहुधा यंत्राच्या चित्रासह. त्यामुळे यंत्र हाच यातला अवघड आणि महाग भाग असावा असा समज होतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. यंत्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत स्वस्त झाले. महाग आहे ते पेशी वाढवणे आणि वाढवलेल्या पेशी जगवणे. ही कला शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे आणि तिच्या इतिहासात मराठी माणसांचे एक पान आहे. म्हणून आपण सुरुवात यंत्रापासून न करता पेशींपासून करू.

१९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेता-ऊतीचा तुकडा लसिकेच्या थेंबात टांगून ठेवला आणि त्यातून चेतातंतू वाढताना पाहिला. शरीराबाहेर ऊती जगते, वाढते, याचा हा पहिला ठोस पुरावा. त्यानंतर गाजला तो अलेक्सिस कॅरेल यांचा प्रयोग. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी १७ जानेवारी १९१२ रोजी कोंबडीच्या पिलाच्या भ्रूणातील हृदयाचा तुकडा संवर्धनात ठेवला. ही पेशींची परंपरा १९४६ पर्यंत, म्हणजे १९४४ मध्ये कॅरेल वारले त्यानंतरही, चालू ठेवण्यात आली. ‘अमर हृदय’ म्हणून वर्तमानपत्रांनी तिचा गाजावाजा केला. खरे तर धडधडणाऱ्या स्नायूपेशी फार लवकर मागे पडल्या होत्या. टिकल्या त्या संयोजी ऊतीच्या पेशी. पुढे १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले, की माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा विभाजन पावतात आणि थांबतात. मग कॅरेल यांच्या पेशी ३४ वर्षे कशा टिकल्या? पोषणासाठी घातल्या जाणाऱ्या भ्रूणाच्या अर्कातून दर वेळी ताज्या पेशी आत जात असाव्यात, असा खुलासा बहुतेक जण देतात.

कॅरेल यांच्या प्रयोगशाळेत भिंती काळ्या, झगे काळे, शिस्त शस्त्रक्रियागृहाची. जंतूंपासून बचाव आवश्यकच होता, पण त्या थाटामुळे ऊतिसंवर्धन ही थोड्या निवडक हातांनाच जमणारी विद्या आहे असा धाक बसला. तो धाक विज्ञानाला महागात पडला असे आम्हाला वाटते. मात्र कॅरेल यांचे दुसरे ऋण निर्विवाद आहे. रक्तवाहिन्या टाके घालून जोडण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते त्यासाठीच. मांडीचा स्नायू हातात बसवणारे आजचे तज्ज्ञ त्याच पद्धतीचे वारस आहेत.

हा धाक मोडणाऱ्यांत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले जॉर्ज गाय यांचे नाव घ्यावे लागेल. उपकरणे स्वतः बनवण्याची त्यांना हौस. १९३० च्या दशकात त्यांनी संथ फिरणाऱ्या पिंपात परीक्षानळ्या बसवून पेशींना आळीपाळीने पोषक द्रव आणि हवा मिळेल अशी सोय केली. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून त्यांच्याकडे आलेल्या पेशी अखंड वाढत राहिल्या. त्याच ‘हेला’ पेशी. गाय यांनी त्या मागेल त्याला वाटल्या. पण त्या घेताना त्या बाईंची परवानगी कोणी घेतली नव्हती आणि त्याच वर्षी त्या वारल्या. वर्गात हेला पेशींचा उल्लेख होईल तेव्हा ही बाजूही मुलांना सांगायला हवी.

या गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला मुंबईहून एक तरुण संशोधिका गेली होती. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनेश दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कमलताई हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसनमध्ये, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये एम.एस्सी. झाल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशीआनुवंशशास्त्र! वनस्पतींच्या पेशींकडून त्या प्राण्यांच्या पेशींकडे वळल्या. मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे त्यांनी काम सुरू केले आणि १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यानंतर बाल्टिमोर.

परत आल्यावर त्यांनी जे केले त्याचे मोल आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठे आहे. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (स्थापना १९५२) त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राचे आणि ऊतिसंवर्धनाचे काम उभे केले. भारतातली ऊतिसंवर्धनाची पहिली संशोधन-प्रयोगशाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही शाखांतल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी संवर्धनाची पोषक माध्यमे आणि लागणारी रसायने येथेच तयार केली. पोषक माध्यम म्हणजे क्षार, साखर, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे यांचे मोजून केलेले मिश्रण. एक घटक चुकला तर पेशी मरतात आणि नेमका कोणता चुकला हे सांगत नाहीत. ते सारे परदेशातून मागवत राहिले असते तर प्रयोग जहाजाच्या वेळापत्रकावर चालले असते. कर्करोगावरील त्यांच्या संशोधनाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि भारतीय महिला वैज्ञानिक संघटना १९७३ मध्ये उभी राहिली तीही त्यांच्या पुढाकाराने. पण माध्यम घरी बनवण्याचा हा खटाटोप सहसा एका ओळीत उरकला जातो. आमच्या मते तो ठळक अक्षरांत लिहिण्याजोगा आहे.

आता स्नायूकडे येऊ. स्नायूचा तंतू ही अजब पेशी आहे. एका पेशीत एक केंद्रक असे आपण शिकवतो, पण स्नायूतंतूत शेकडो केंद्रके असतात. ती येतात कोठून, यावर बराच काळ वाद होता. एकच केंद्रक फुटत जाते, की अनेक पेशी एकमेकींत मिसळतात? १९६३ मध्ये अर्विन कोनिग्जबर्ग यांनी कोंबडीच्या भ्रूणातील एकेक स्नायूजनक पेशी वेगळी ठेवून वाढवली आणि तिच्या वंशजांपासून बहुकेंद्रकी तंतू तयार होताना दाखवले. इतर पुराव्यांची भर पडून निकाल मिसळण्याच्या बाजूने लागला. त्याआधी १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या पायातील स्नायूचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तंतूला चिकटून बसलेल्या छोट्या पेशी दिसल्या होत्या. त्यांनी त्यांना ‘उपग्रह पेशी’ म्हटले. एरवी त्या स्वस्थ असतात. स्नायू दुखावला की त्या जाग्या होतात, विभाजन पावतात, मिसळतात आणि तंतू दुरुस्त करतात. मैदानावर पडलेला तो मुलगा पळू लागतो तो यांच्यामुळेच. मोठा तुकडा गेला की त्याबरोबर या पेशीही जातात आणि ज्या चौकटीवर त्यांनी तंतू रचायचे ती चौकटही जाते.

१९७७ मध्ये इस्राएलच्या वाइझमान संस्थेत डेव्हिड याफे आणि ओरा साक्सेल यांनी उंदराच्या स्नायूतून सतत वाढणारा पेशीवंश मिळवला. त्याचीच एक शाखा ‘सी२सी१२’ या नावाने जगभर वापरली जाते. भारतात ती कोणाला हवी असेल तर बहुधा पुण्याला लिहिले जाते. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पुण्यात प्राण्यांच्या ऊती व पेशींच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय सुविधा सुरू केली, तिचेच पुढे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र झाले. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या या केंद्रात पेशींचे भांडार आहे. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांत पेशी गोठवून ठेवलेल्या असतात आणि देशातल्या प्रयोगशाळांना त्या पुरवल्या जातात. स्नायूंवरचे भारतीय शोधनिबंध चाळले तर ‘पेशी पुण्याच्या केंद्रातून मिळाल्या’ हे वाक्य वारंवार भेटते.

पेशी मिळाल्या, माध्यम मिळाले, म्हणजे स्नायू झाला का? नाही. बशीत वाढवलेले तंतू वाटेल त्या दिशेने पसरतात. असा गठ्ठा आकुंचन पावला तरी ओढ कोणत्याच बाजूला लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांना हे समजायला चादरीचा माग पुरे आहे. ताण्याचे धागे एका दिशेने आणि ताठ नसतील तर बाणा फेकून उपयोग नाही. स्नायूचेही तसेच. १९८० च्या दशकात हर्मन व्हॅन्डेनबर्ग यांनी संवर्धनातील स्नायूपेशींना यांत्रिक ताण दिला, तेव्हा तंतू ताणाच्या दिशेने रांगेत लागले आणि जाडही झाले. ताण हा स्नायूसाठी एक प्रकारचा निरोपच असतो. प्लास्टरमध्ये महिनाभर बांधलेला पाय बारीक का होतो, याचेही उत्तर यात आहे.

छापयंत्राचा प्रवेश होतो तो येथे, आणि तो थोडासा गमतीदार आहे. १९८८ मध्ये टेक्सासमधील रॉबर्ट क्लेबे यांनी कचेरीत कागद छापण्याच्या साध्या शाईफवारा छापयंत्रात शाईऐवजी फायब्रोनेक्टिन भरले. पेशींना चिकटून बसायला मदत करणारे हे प्रथिन. ते ज्या आकृतीत छापले त्या आकृतीत पेशी बसल्या. २००३ मध्ये क्लेमसन विद्यापीठातील टॉमस बोलंड आणि सहकाऱ्यांनी अशाच यंत्रात फेरफार करून जिवंत पेशीच फवारल्या. पण फवाऱ्याचे थेंब बारीक, त्यांनी जाड वस्तू उभी राहत नाही. त्यासाठी दुसरी रीत आली. पेशी कालवलेला मऊ जेल पिचकारीत भरायचा आणि संगणकाच्या हुकमाने हलणाऱ्या सुईतून धारेने थरावर थर सोडायचा. मेंदीचा कोन किंवा चकलीचा सोऱ्या ज्याने हाताळला आहे त्याला यातले मर्म आणि यातली अडचण दोन्ही कळतील. पीठ पातळ झाले तर आकार राहत नाही, घट्ट झाले तर सोऱ्या रेटत नाही. येथे त्यात आणखी भर अशी, की जास्त रेटले तर पेशी चिरडतात.

या यंत्रांच्या किमती लाखो रुपयांच्या घरात होत्या. त्या उतरण्यामागे जीवशास्त्रज्ञ नव्हते. २००५ मध्ये इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी ‘रेपरॅप’ हा उपक्रम सुरू केला. स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापू शकेल असे त्रिमिती छापयंत्र बनवायचे आणि त्याचे आराखडे सर्वांना मोफत द्यायचे, ही कल्पना. २००९ मध्ये प्लास्टिक वितळवून छापण्याच्या पद्धतीचे मूळ पेटंट संपले आणि स्वस्त यंत्रांचा पूर आला. आपल्याकडेही हौशी कारागिराला परवडतील अशी यंत्रे बाजारात आहेत. अटल टिंकरिंग प्रयोगशाळा असलेल्या शाळांत तर त्रिमिती छापयंत्र मुलांच्या हाती असते.

२०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील ॲडम फाइनबर्ग यांच्या गटाने अशाच हौशी यंत्राला पिचकारी बसवून काम केले. मऊ जेल स्वतःच्या वजनाने ढासळतो, यावर त्यांचा तोडगा सुरेख आहे. जिलेटिनचा बारीक रवा करून भांड्यात भरायचा (त्यासाठी स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारखेच यंत्र वापरले होते) आणि सुई त्या रव्यात बुडवून आतच छपाई करायची. रवा चहूबाजूंनी आधार देतो. छपाई झाल्यावर भांडे शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांना आणले की जिलेटिन वितळून निघून जाते आणि वस्तू उरते. त्यांनी छापलेल्या नमुन्यांत कोंबडीच्या भ्रूणातील हृदयाचा आकारही होता. कॅरेल यांच्या तुकड्याला १०३ वर्षांनी भेटलेला हा नातेवाईक, फक्त यात जिवंत पेशी नव्हत्या. एक हजार डॉलरहून स्वस्त यंत्रावर हे होऊ शकते, असे या गटाने सांगितले आणि आराखडे खुले ठेवले.

प्रत्यक्ष स्नायू छापण्यात आघाडी घेतली ती वेक फॉरेस्ट विद्यापीठातील अँथनी अटाला यांच्या संस्थेने. २०१६ मध्ये त्यांनी सी२सी१२ पेशींचा १५ मिलिमीटर लांब, ५ रुंद आणि १ मिलिमीटर जाड तुकडा छापला. दोन्ही टोकांना प्लास्टिकचे खांब होते. पेशी त्यांच्यामध्ये ताणल्या गेल्या आणि आपोआप एका दिशेने लागल्या. मागावरचा ताणाच हा! उंदरांत बसवल्यावर दोन आठवड्यांनी या तुकड्याने विद्युत उद्दीपनाला प्रतिसाद दिला. २०१८ मध्ये त्याच संस्थेने माणसाच्या स्नायूजनक पेशी वापरून छापलेला स्नायू उंदराच्या नडगीवरील स्नायूच्या मोठ्या जखमेत बसवला आणि आठ आठवड्यांनी सुमारे ८० टक्के काम परत आल्याचे नोंदवले. माणसांवरच्या नेहमीच्या उपचारात मात्र छापलेला स्नायू अजून आलेला नाही.

अडले आहे कोठे? पेशीला प्राणवायू रक्तवाहिनीकडून मिळतो आणि तो ऊतीत एक-दोन दशांश मिलिमीटरपलीकडे पुरेसा झिरपत नाही. माणसाच्या दंडाचा किंवा पोटरीचा स्नायू काही सेंटिमीटर जाड असतो, म्हणजे छापतानाच त्यात वाहिन्यांचे जाळे हवे. चेतातंतू जोडले नाहीत तर स्नायू हुकूम घेत नाही आणि सुकतो. आणि खर्चाचे म्हणाल तर पेशी वाढवायला निर्जंतुक खोली, महिनोन्‌महिने काम करणारी शिकलेली माणसे आणि सीरम लागते. बहुतेक ठिकाणी वासराच्या गर्भाच्या रक्तातले सीरम वापरतात. ते महाग असते आणि प्रत्येक खेपेला थोडे वेगळे निघते. रुग्णात घालायच्या पेशींसाठी तर ते नकोच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की बाळंतपणानंतर एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतील रक्ताचे सीरम माणसाच्या अस्थिमज्जेतील जनक पेशींना चांगले मानवते. हे काम स्नायूपेशींवरचे नव्हे, पण रणदिवेबाईंच्या घरच्या माध्यमाशी त्याचे नाते सरळ दिसते.

जाडीचा प्रश्न वर्गात दाखवायला छापयंत्र लागत नाही. जैवमुद्रणात वारंवार वापरला जाणारा जेल सोडिअम अल्जिनेटपासून होतो. हे समुद्री शेवाळापासून काढतात आणि रसायने विकणाऱ्या दुकानातून मागवता येते. १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम अल्जिनेट घालून रात्रभर भिजू द्यावे. हवा तर खाण्याचा रंग टाकावा. दुसऱ्या भांड्यात १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड विरघळवावे (चव घेऊ नये). सुई काढलेल्या पिचकारीतून अल्जिनेटचे थेंब दुसऱ्या भांड्यात सोडले की त्यांच्या गोळ्या होतात. धार सोडली तर शेवई होते. कॅल्शियम बाहेरून आत झिरपत जाते आणि अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना बांधते. आता एक गोळी अर्ध्या मिनिटात बाहेर काढून कापा आणि दुसरी तासाभराने. मग पिचकारीने एक मोठा, बोराएवढा गोळा करून तोही लवकर काढून कापा. बाहेर पक्की साल आणि आत पातळ रस असेल. कॅल्शियम अजून तिथवर पोचलेले नसते.